हत्तिणीच्या अंगावरचा मळ

हस्तिदंतावरची कोरीव चित्रं जमवायचं वेड मला एका डायनिंग टेबलापायी लागलं. ॲन आर्बरला घर घेतलं त्या वर्षी नवरा आणि मी गावाबाहेरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टेबल बघायला गेलो होतो. टेबल राहिलं बाजूला. मी परत आले ती पियानोच्या एका जुन्या पट्टीवर कोरलेलं अस्वल घेऊन. "आणि आता यावर जेवायचं कसं?" नवऱ्याने गाडीत विचारलं. घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. टेबल पुढे ऑनलाइन मागवलं.

ही चित्रं रंगवलेली नसतात. सुईसारख्या अणकुचीदार हत्याराने दातावर बारीक ओरखडे आणि ठिपके काढायचे, मग सगळीकडे शाई चोळायची आणि लगेच पुसून टाकायची. वरची शाई जाते, रेघांमधली राहते आणि पांढऱ्यावर लांडगा उभा राहतो, अगदी केस न केस. पूर्वी बोटीवरचे खलाशी समुद्रात वेळ जाईना म्हणून हे करत बसायचे. मी घेते ती फक्त प्राण्यांची, आणि तीही जुन्या दातावरची: मोडीत निघालेल्या पियानोच्या पट्ट्या, सुऱ्यांच्या मुठी, असलंच काहीबाही. नव्या दातासाठी कुणी हत्ती मारावा, हे मला सहनच होत नाही. कायदाही भलता कडक आहे. विकायचं म्हटलं की दात किती जुना याचे कागद मागतात, आणि भारतात न्यायचं तर नावच काढू नका. आई फोनवर म्हणायची, "लोक सोनं जमवतात, साड्या जमवतात. माझी लेक दात जमवते."

त्याच बाजारात एक आजोबा बसायचे. वय ऐंशीच्या पुढे, दाढी पांढरी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. अस्वल त्यांचंच. दर उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जायची, ते एकेक रेघ दाखवायचे, मी शंभर प्रश्न विचारायची. मग त्यांची नजर अधू व्हायला लागली. काम बंद झालं, दुकान बंद झालं. शेवटी त्यांनी आपलं शेवटचं चित्र मला देऊन टाकलं, विकायला काही तयार झाले नाहीत. त्यांच्या आजीच्या कपड्यांच्या ब्रशची हस्तिदंती पाठ, तळहाताएवढी लांबट, ब्रशचे केस केव्हाच गळून गेलेले. तिच्यावर चालत निघालेली हत्तीण आणि मागे तिचं पिल्लू. बायको गेली त्या वर्षी त्यांनी ते करायला घेतलं होतं. अट एकच: मागतील तेव्हा मी ते त्यांना दाखवायचं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यांचा फोन आला. लेक ओरेगनहून येतेय, शनिवारी तिला घेऊन येऊ का? तिने ते चित्र कधी पाहिलेलंच नव्हतं. "तिला ते मी स्वतः दाखवायचंय," ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी मला त्यातलं काही दिसेल असं डॉक्टरला वाटत नाही."

"या की!" मी म्हणाले. आनंदाने कपाट उघडलं, हत्तीण काढली, डायनिंग टेबलावर नॅपकिनवर ठेवली. आई तेव्हा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती. तिला म्हटलं, "शनिवारी पाहुणे येणारेत गं, हे त्यांना दाखवायचंय." इथेच थांबले. हात लावू नकोस, एवढे तीन शब्द पुढे बोलले असते तर काय बिघडलं असतं माझं!

गुरुवारी संध्याकाळी लॅबमधून घरी आले तर टेबलावर देव मांडलेले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा, समई, सगळं कसं झगझगीत. शेजारी चिंचेच्या कोळाची वाटी, जुना टूथब्रश. आणि रांगेच्या टोकाला, कोरड्या फडक्यावर, एक पांढरीशुभ्र लांबट वडी.

"आई," मी म्हटलं, "हे काय?"

"अगं, तुझा हत्ती! पाहुण्यांपुढे तसाच ठेवणार होतीस का? केवढा मळ बसला होता रेघारेघांत. ब्रशने निघेना, शेवटी टूथपिक घेऊन बसले. दुपार गेली माझी." आणि माझ्याकडे अशा कौतुकाने बघत राहिली, की आता मी तिला शाबासकीच देणार.

मी शाबासकी दिली नाही. मी ओरडले. माझा राग म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नको नको ते बोलले. कुणी सांगितलं होतं, इथे येऊन प्रत्येक गोष्टीत हात कशाला, एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याची कमाई तू चिंचेने धुतलीस. आईने देव उचलून देव्हाऱ्यात ठेवले, वाटी धुतली आणि खोलीत जाऊन बसली. जेवायलाही आली नाही. नवरा हळूच म्हणाला, "यार, तिला काय माहीत?" मला ते माहीत होतं, म्हणून आणखीच संताप आला. स्वतःचाच.

शुक्रवारी सुट्टी टाकली आणि आजोबांना फोन केला. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण लपवणार काय, हत्तीणच नाहीशी झालेली! एका दमात सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला घ्यायला ये. गाडी चालवता येत नाही आता."

ते आले, खिडकीपाशी बसले. तुकडा हातात घेतला, उजेडात तिरका धरला, भिंग लावलं. मग भिंग सोडून दिलं आणि अंगठ्याचं नख त्यावरून हळूहळू फिरवत राहिले. आई दारात उभी, पदर मुठीत घट्ट धरलेला.

"टूथपिक म्हणालीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

आणि ते हसायला लागले. चांगले खोकला येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षांत मला एवढं स्वच्छ करता आलं नाही! अगं, शाई गेली, रेघा कुठे गेल्यात? त्या दातात आहेत. पुन्हा भरायचं, झालं." आणि मग हसू थांबलं. "पण ते मी नाही करू शकणार. पुसताना दिसावं लागतं. आणि शाई तर मी कधीच देऊन टाकली."

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. शाई कशी चोळायची, कशी पुसायची.

"एवढंच?" आई म्हणाली. कालपासूनचा तिचा तो पहिला शब्द. आत गेली आणि चांदीची डबी घेऊन आली. घरी धरलेलं काजळ. तुपाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून केलेलं, ती अजून असंच करते आणि दर खेपेला माझ्यासाठी आणते. मी मात्र दुकानातली पेन्सिल वापरते. आजोबांनी डबी नाकाशी नेली, बोटाला लावून बघितलं. "काजळी आणि तूप?" त्यांनी विचारलं. "बोटीवर शाई कुठली! ते लोक दिव्याची काजळीच तेलात कालवून चोळायचे. हेच पाहिजे."

मग काय, दोघं टेबलाशी शेजारी शेजारी बसली. त्यांना मराठी येत नाही, आईला इंग्रजी. मला वाटलं दुभाष्याचं काम माझंच, पण दोन मिनिटांत माझी गरज संपली. ते आईचं बोट धरून दिशा दाखवत, आई करंगळीने काजळ दाबत जाई. पुसायची वेळ आली तेव्हा त्यांनी हातवारे केले, की हलकं, हलकं. आई वैतागली. "दोन लेकरांना आणि चार नातवंडांना घातलंय म्हणावं. मला नको शिकवू." हे मी भाषांतर केलं नाही.

आधी सोंड आली. मग कान, मग कातडीच्या सुरकुत्या. मागचं पिल्लू आधीही पुसटच होतं, धुक्यातल्यासारखं. मला वाटायचं तशीच कला असेल. आजोबा म्हणाले, "तिथे सोडून दे. पिल्लापर्यंत येताना डोळे गेले होते माझे. ते जमलंच नाही." मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पिल्लावरही काजळ दाबलं, चांगलं जोर लावून. पुसलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. पिल्लाच्या पायांची नखं दिसत होती. शेपटीचा गोंडा होता. पापण्या होत्या. रेघा सगळ्या होत्या, शाईच पोचली नव्हती. आजोबांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांना किती दिसलं, मला सांगता येणार नाही.

त्यांना सोडून आल्यावर मी आईसमोर जाऊन उभी राहिले. "चुकले गं मी," म्हटलं. "ओरडायला नको होतं."

"जेवायला वाढ आधी," ती म्हणाली. "काल दुपारपासून उपाशी आहे."

शनिवारी लेक आली. पन्नाशीची, उंच, वडिलांसारखीच हसणारी. आईने चहा आणि चकल्या ठेवल्या. आजोबांनी तुकडा स्वतःच्या हाताने लेकीच्या हातात दिला. ती खिडकीपाशी गेली आणि कितीतरी वेळ पाठमोरीच उभी राहिली.

"डॅड," ती म्हणाली, "फोनवर तू मला म्हणाला होतास, की चित्रातली आई जमली, पण मी काही जमले नाही."

आजोबांनी चहाचा कप चाचपडत खाली ठेवला.

"जमली होतीस," ते म्हणाले. "पहिल्यापासून होतीस तिथे. मलाच दिसली नव्हतीस."

आई मला कोपराने ढोसत होती, काय म्हणाला, काय म्हणाला म्हणून. मी तिची करंगळी हातात धरून ठेवली, काजळ अजून गेलं नव्हतं.