रस्त्याचं कलम आठवं

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला, त्या वर्षांत मी एका मराठी पत्राला अमरावतीहून बातम्या पाठवीत असे. कापसाच्या व्यापारावर निबंध लिहावा, तो साहेबलोकांपुढे ठेवता येईल, असं संपादकांनी सुचवलं.

मी आधी आराखडा केला. जमीन, बियाणं, वेचणी, सरकी काढणं, गाठी, बाजार, भाव, रस्ता. आठ कलमं, आठ वह्या. कलमं क्रमाने पुरी करायची आणि दोन साक्षी मिळाल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही, असे नियम ठरवले. बातमीदारीत ते उपयोगी पडले होते.

बियाण्याच्या चौकशीला भातकुलीकडे जाताना एका माळिणीच्या मळ्यात थांबलो. विधवा बाई, एकटी. वांगी, मेथी, कोथिंबीर लावायची. वाटेवर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. गाडीवान तिच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजत होते.

“लय लिवून राहिले दादा. कोन वाचते हे?” बाईने विचारलं.

“साहेब वाचतील.”

ती जवळ येऊन बसली. “मंग हे लिवा. हे इहीर माया मालकानं खंदली. पाटील म्हनते, सडक रुंद होऊन राहिली, इहीर बुजवा लागते. सायबाच्या कागदात आलं म्हंजे त्याले हात लावता येत नाही.”

हे रस्त्याच्या कलमात येईल, मी म्हणालो. ते आठवं. सध्या दुसरं चालू आहे.

“असं काहून? जो वाफा सुकून राहिला त्याले आंदी पानी द्या लागते. तुमी काय नंबरानं देता?”

गाडीवान हसले. मीही हसलो. आठवी वही उघडली नाही.

पुढे अकोल्याला गेलो. बाजार आणि भाव या कलमांनी फार दिवस खाल्ले. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी खोडावं लागे. आठवी वही घेऊन त्या वाटेने परत निघालो, तेव्हा सडक झाली होती. मळा नव्हता, झोपडी नव्हती. थेट सडकेपर्यंत कापूस. बाई कुठे गेली, हे गावात कोणी सांगेना. पाटलाने पान पुढे केलं आणि पिकाचं बोलू लागला.

गावाबाहेर माझ्या गाडीचे बैल आपोआप बाजूला वळले आणि कोरड्या भरावावर माना घालून उभे राहिले. गाडीवानाने दोनदा टोचलं. ते हलेनात.

“पानी आठवते त्याईले,” तो म्हणाला.

“विहीर कोणाची होती?”

“मले काय मालूम? इथं पाजत होतो, बस.”

विहीर होती, एवढं पक्कं झालं. ती कोणी खोदली, हे सांगणारी एकच साक्ष होती, आणि ती हरवली होती. मी ते वाक्य लिहिलं नाही. खाली उतरलो आणि सडकेची रुंदी मोजली.

निबंध पसंत पडला. सडकेचं मोजमाप अचूक आहे, असा शेराही आला. ते अचूकच होतं. फक्त बैल उभे होते तिथे मला मोजणीची दोरी धरवली नाही. शंभर पावलं पुढे जाऊन मी ते घेतलं होतं.