प्राइमसचा हात

अमेरिकेच्या यादवी युद्धात प्राइमस गुलामीतून सुटून बंदूक धरायला उत्तरेच्या पलटणीत आला आणि हातात पडलं फावडं. ब्यूफर्टच्या किनाऱ्यावर गोऱ्या पलटणींचे तंबू ठोकायचे, खंदक खणायचे, त्यांच्या संडासाचे खड्डेसुद्धा खणायचे, ते काळ्यांनी. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर. काळ्याला दहा, त्यातून कपड्यांचे तीन कापून सात. मग काळ्या पलटणीनं ठरवलं, घेऊ तर पुरते, नाहीतर एकही नको. चौदा महिने त्यांनी पगाराला हात लावला नाही.

शत्रूच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात प्राइमस दोनदा वाळूतून सरपटत पुन्हा गोळीबारात गेला आणि दोन जखमी ओढून आणले. त्यातला एक ॲलन्सन, बॉस्टनचा न्हावी, काळाच, पण जन्मापासून मोकळा, कधी गुलाम नव्हता. दुसऱ्या दिवशी प्राइमसला शाबासकी मिळाली ती पुन्हा फावड्याचीच. थकला होता बिचारा. खांदे थकले होते, आणि वाट बघणंही थकलं होतं.

शेवटी वॉशिंग्टनहून हुकूम आला. लढाई सुरू झाली त्या एप्रिलात जो गुलाम नव्हता, त्याला सगळी थकबाकी पुरती. बाकीच्यांना फक्त या वर्षापासूनची. एक हात बायबलवर ठेवून, दुसरा वर करून शपथ घ्यायची की मी तेव्हा गुलाम नव्हतो. काय अक्कल! खंदक दोघांनी सारखेच खणले होते.

"हात वर कर आणि मोकळा हो," ॲलन्सन कुजबुजला. "तुझ्या वाटचा मी केला असता रे, पण मला दोनच आहेत."

कॅप्टन भला माणूस होता. तोही हळूच म्हणाला, "कोण तपासायला बसलंय, प्राइमस? कर वर."

रांगेतले एकेक हात वर गेले. प्राइमसचा खालीच राहिला.

"त्या एप्रिलात मी गुलाम होतो, साहेब. तसंच लिहा."

सगळ्यांना वाटलं, प्राइमस म्हणजे प्रार्थनाघरातला वडीलधारा, खोटं बोलणाऱ्याला मागच्या बाकावर बसवणारा, तो देवाला घाबरला. ॲलन्सन तर चिडून दोन दिवस बोलला नाही.

बायनाला तोंड दाखवायचं, हे खरं अवघड होतं. त्याची बायको छावणीमागं साहेबांचे कपडे धुवायची. तो पैसा टेनाला शोधायला लागणार होता. त्यांची नऊ वर्षांची पोर, जॉर्जियाकडं विकलेली. दोघांनी हिशेब नाही, स्वप्नच बांधलं होतं त्यावर.

"सगळ्यांनी हात वर केला," बायना टबातून मान वर न करता म्हणाली. "तुझ्याच हाताला लकवा मारला होता का?"

"बायना, ऐक तरी."

"काय ऐकू? तुझं खरं बोलणं टेनाला घेऊन येणार आहे? बस मग पुढच्या बाकावर, एकटाच!"

प्राइमस उलट्या बादलीवर बसला.

"टेनाला विकून गाडीत घातलं, तोही तोच एप्रिल होता ना गं?"

बायनाचे हात थांबले.

"ती हाका मारत होती. मी कुंपणाशी उभा होतो, हललो नाही. मी गुलाम होतो, म्हणून हललो नाही. एवढंच उत्तर आहे माझ्याकडं तिला द्यायला. आज बायबलवर हात ठेवून म्हणालो असतो की मी त्या दिवशी मोकळा होतो, तर मग मी तिथं नुसता उभा का राहिलो, बायना?"

कॅप्टनचा सदरा तिनं पिळला, झटकला, आणि पिळलेला आहे हे विसरून पुन्हा पिळायला घेतला.

"गाडीभाडं नाही तर नाही," ती म्हणाली. "पायी जाऊ. सापडली की पहिलं हेच सांग तिला."