चार इंच हवा

नाथाजी सुतार मूळचे पाटणकडचे. स्टुडिओ, सभागृहं यांचा आवाज बसवायची कामं करत त्यांनी सातारा-सांगली पालथं घातलंय. साठी उलटली तशी कंबरेला पट्टा आणि कपाळाला आठी, दोन्ही कायमचे. वाद घालायचा तर त्यांना मनापासून कंटाळा आलाय, आणि त्या कंटाळ्यानंच घोळ केला.

सांगलीत आक्काताई या जैन बाईंच्या मुलानं घराला लागून असलेल्या हळदीच्या जुन्या गोदामात स्टुडिओ काढला. रेकॉर्डिंगला मी. नाथाजींनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, रॉकवूलचं, म्हणजे दगडी लोकरीचं, दोन इंची पॅनेल भिंतीला चिकटवलं तर ते झांजेचा आवाज शोषेल, ढोलाचा घुमारा त्याला जुमानणार नाही. तेच भिंतीपासून चार इंच पुढं बसवलं की मागची हवाही कामाला लागते आणि घुमारा आवरतो.

आक्काताईंना ती फट बघवेना. "त्यात पाली, किडे शिरणार, अडकून मरणार. ऐन चातुर्मासात मला हे पाप नको. भिंतीलाच लावा."

"लावतो," नाथाजी म्हणाले. मीही मान डोलावली. कोण समजावत बसणार?

पहिलं रेकॉर्डिंग औंधकडच्या ज्योतिबांचं. सत्तरीचे धनगरी ढोलवाले. त्यांनी ढोल वाजवला आणि खोली नुसती गदगदली. एका थापेत दुसरी बुडून गेली. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच. ज्योतिबांनी हेडफोन काढून ठेवला.

"हात गेलं माजं. गावात कुनी तोंडावर बोललं न्हाई, एवढंच. आता ढोल खाली ठेवतो." ते ढोलाला फडकं गुंडाळू लागले.

नाथाजी दाराचं रबर बसवत होते. ते हातातलं टाकून ज्योतिबांपाशी आले. "आवं, हात न्हाई गेलं तुमचं. मला ठावं हुतं, तरी मी गप बसलो. चूक माजी हाय. तीन दिस थांबा."

मला स्वतःची लाज वाटली. दारात उभ्या आक्काताई घरात गेल्या आणि पाणी गाळायच्या कापडाची घडी घेऊन आल्या. "कडा ह्यानं बंद करा. किडा जाणार नाही, हवा जाईल." इतकं सोपं होतं. आधी विचारायचा त्रास आम्हीच घेतला नव्हता.

कण्हत, कुंथत नाथाजींनी सगळी पॅनेलं उतरवली, पुन्हा चढवली. चौथ्या दिवशी ज्योतिबांची थाप न् थाप सुटी ऐकू आली. रेकॉर्डिंग ऐकताना ते आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिले.

"नाथाजी, हायत की रं हात!"

नाथाजींनी ऐकलंच नाही. दाराशी, बसल्या जागी त्यांना झोप लागली होती.