कोणाला कोण उचलणार?

जपानात मी तीन वर्षं एका वृद्धाश्रमात नोकरी केली. नदीकाठचं गाव. पावसाळ्याआधी एका रविवारी तिथली अख्खी गल्ली पुराचा सराव करायची. पूर नाही, पाऊस नाही, लख्ख ऊन! समोरची नव्वदीची म्हातारी, कोणाला कोणी उचलायचं त्याची यादी घेऊन स्वतः माझ्या दारात आली, आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "मला तू उचलायचंस. आधी उजवा हात धर, डावा खांदा निखळतो." मला हसू आलं. तिला नाही आलं.

सांगलीला परतले ती वडिलांसाठी. फौजेतून निवृत्त, लकव्यानं डावी बाजू गेलेली, आणि घर नदीच्या अगदी जवळ. आल्या आल्या मी वही घेऊन गल्लीत फिरले. ज्याला चालता येत नाही त्याचं नाव, आणि पुढं त्याला उचलणाऱ्याचं. एवढंच! तर काय सांगू, लोक अंगावर आले. शेजारचे काका म्हणाले, "आवं ताई, भरल्या घरात असलं अभद्र काय लिवताय? कृष्णामाईची ओटी भरा, उतरतंय पाणी."

अहो, भरा ना ओटी, कोण नको म्हणतंय? पण तुमच्या म्हाताऱ्या आईला माडीवरून खाली नावेत कोण आणणार, ते ठरवून भरा की! पाणी चढलं की कणसं खात पूर बघायला जाणारे आम्ही. भिंतीवरची मागच्या पुराची रेघ पाहुण्यांना कौतुकानं दाखवणारे आम्ही. वर म्हणायचं, त्या देशांकडं पैसा आहे. एका वहीला कितीसा पैसा लागतो? डोकंच फिरायचं माझं.

चार महिने भांडले तेव्हा काका नमले. "लिवा आमच्या आईचं. पर सगळ्यात खाली लिवा." तशी ती यादी पुरी झाली आणि मंडळाच्या ऑफिसात लागली.

त्याच पावसाळ्यात मी दोन दिवसांसाठी साताऱ्याला बहिणीकडं गेले आणि मागं हायवे बंद झाला. वडिलांचं बघणारी बाई स्वतःचं घर वाचवायला धावली. फोन लागेना. तिसऱ्या दिवशी कशीबशी पोचले, तर गल्ली शाळेत हलवलेली. यादीतली सगळी माणसं पहिल्याच सकाळी बाहेर काढली होती, काकांची आईसुद्धा. माझे वडील तेवढे दीड दिवस भिजल्या गादीवर पडून होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नावेतल्या कुणीतरी त्यांची हाक ऐकली, म्हणून वाचले.

मी काकांवर धावून गेले. "यादी मी केली आणि माझाच बाप विसरलात?"

काका रडकुंडीला आले. "ताई, चार येळा यादी बघितली. त्येंचं नाव न्हवतं. आमाला वाटलं, तुमी संगं साताऱ्याला नेलं."

नव्हतंच. सगळ्या गल्लीची नावं लिहिली आणि आमच्या घरापाशी हात अडला होता. उद्या लिहू म्हटलं. अभद्र वाटलं मला. मला! तीन वर्षं तिकडं राहून आलेल्या शहाणीला!

वडील वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर होते, अंगात ताप. मला बघून उठायची धडपड केली. मी हात धरला.

"मला उचलायला कुणाचं नाव लिवलं हुतंस गं?" ते म्हणाले. "लय वाट बघितली त्याची. बिचारा पाण्यात कुठं गावला तर न्हाई न्हवं?"