शेजारच्या काकांचं देवाशी बोलणं

देवाशी इतक्या जवळून आणि इतक्या मोठ्या आवाजात भांडणारा माणूस मालवणपासून आचऱ्यापर्यंत दुसरा नसेल, आणि तो नेमका आमच्या कुंपणाला लागून राहतो. लग्न होऊन या घरात आले, त्या पहिल्याच सकाळी मी चहा टाकत होते आणि खिडकीबाहेरून दणदणीत आवाज आला, "काल सांगितलेला, तेचा काय केलंस? झोपलंस काय?" मला वाटलं, कुणी तरी कामाच्या गड्याला झापतंय. डोकावले, तर शेजारच्या अंगणात चुना लावलेल्या क्रूसापुढे एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे. सासूबाई न वळताच म्हणाल्या, "शेजारचो देवाशी बोलता. सवय होतली तुका." सवय झाली. पुढे पुढे तर इतकी, की माझी सकाळ देवघरातल्या घंटेपेक्षा काकांच्या तक्रारीनेच सुरू व्हायची.

काका रिक्षा चालवतात. धर्माने ख्रिस्ती, जिभेने अस्सल मालवणी, आणि देवाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं एवढंच, की आपला बाप आपल्या घरात असताना खुसफुसत कशाला बोलायचं? रिक्षा जुनी, तिचा स्वभाव काकांहून लहरी. एकदा आचऱ्याच्या रस्त्यावर चढणीला ती बंद पडली, तेव्हा मागे पुण्याचं एक पर्यटक जोडपं होतं. काका खाली उतरले, आभाळाकडे बघून म्हणाले, "बगतंस काय? मागे पावणे बसलेत. माजी लाज ती तुजी लाज नाय?" पुणेकरांना वाटलं, कानात यंत्र घालून फोनवर बोलतायत. त्यांनी अदबीने विचारलं, "मेकॅनिक किती वेळात येतो म्हणाला?" काका किक मारता मारता म्हणाले, "तो खंय जाता? तो हंयच आसा." आणि रिक्षा सुरू झाली. त्या जोडप्याने पुढचा सगळा प्रवास एकमेकांचे हात घट्ट धरून केला म्हणतात.

भांडण फार पेटलं, की मग अबोला. एका पावसाळ्यात माड पडून त्यांच्या मागच्या पडवीची कौलं फुटली, तेव्हा काकांनी देवाशी बोलणंच टाकलं. क्रूसासमोरून जाताना मान मुद्दाम दुसरीकडे. तरी रविवारी चर्चमध्ये मिस्साला हजर, शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून. फादरांनी हसत विचारलं, "भांडण आहे म्हणता, मग आलात कसे?" तर म्हणाले, "बोलणा बंद आसा फादर, येणा-जाणा बंद नाय." ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात तर आमचीच पंचाईत. ते चाळीस दिवस काका मासे सोडतात. मालवणच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. मी सुरमईची तुकडी तव्यावर टाकली, की कुंपणापलीकडून ओरड, "शेजारणीक तूच सांगलंस मां आजच तळूक? माका वळाखतंस तरी परीक्षा घेतंस!" मी बिचारी ओशाळून खिडकी लावून घ्यायची. पण काका भांडायचे ते फक्त आपल्यासाठी नव्हे. माझ्या लेकीची दहावी, आमच्या ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, एवढंच काय, आमच्या गणपती विसर्जनाला पाऊस थांबावा म्हणूनसुद्धा ते आपल्या देवाला धारेवर धरायचे. संध्याकाळी रिक्षा लावताना मला सांगायचे, "बाय, तुमचा काम सांगून ठेवलंय." आणि बांगडे चांगले मिळाले, तर तेवढ्याच जोरात, "बरा केलंस हां रे!"

या सगळ्याची शरम वाटायची ती काकीला. काकी म्हणजे अगदी मऊ बाई. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, आवाज कधी चढायचा नाही. "देवाक अरे-तुरे, आणि ता पण गावाक आयकाक येयत असा!" म्हणून ती कपाळाला हात लावायची. काका तावातावाने बोलून रिक्षा घेऊन बाहेर पडले, की ही पदराने हात पुसत यायची, क्रूसापुढे गुडघे टेकायची आणि नवऱ्याच्या वतीने माफी मागायची. रोजचा शिरस्ता. मी ह्यांना म्हणायची, देवाला या घरातून दोन अर्ज जातात, आणि दुसरा पहिल्याला रद्द करतो.

मग एक सकाळ अशी आली, की काकी मागच्या दारी कोळंबी सोलत बसली होती आणि तिच्या हातातून ताट पडलं. आवाज ऐकून मी धावले. तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, आणि डोळे माझ्याकडे लावलेले. काकांनी तिला उचलून रिक्षात ठेवलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यापर्यंत काका एक अक्षर बोलले नाहीत. ना माझ्याशी, ना वरच्याशी. डॉक्टरांनी तिला आत नेलं, तेव्हा ते भिंतीला टेकून हात जोडून उभे राहिले आणि हळूच बोलू लागले. "हे परमेश्वरा," काका म्हणत होते, "आपण कृपा करून माझ्या पत्नीस बरे करावे, ही नम्र विनंती."

ही भाषा मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकली होती, पण ती फक्त सरकारी कचेरीत, साहेबाच्या टेबलापुढे, खांदे पाडून.

काकी घरी आली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि शब्द तुटके झाले. तिची खाट काकांनी पुढच्या पडवीत टाकली, म्हणजे येणारं-जाणारं माणूस दिसेल. आणि रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, चपला बाजूला काढून ते क्रूसापुढे उभे राहू लागले. "चूकभूल झाल्यास क्षमा असावी." इतक्या हळू, की खिडकीला कान लावावा लागे. आमचं स्वयंपाकघर एकाएकी बहिरं झाल्यासारखं वाटायला लागलं. मी वर्षानुवर्षं त्या ओरडण्याला वैतागले होते, आणि आता चहा उकळताना तोच आवाज शोधायची.

शेवटी एकदा मी विचारलंच. "काका, असं परक्यासारखं का बोलता हो देवाशी?" ते रिक्षाची काच पुसत होते. पुसता पुसता थांबले. "भिती वाटता गो बाय," ते म्हणाले. "इतकी वर्सां तोंड टाकलंय मी तेच्यावर. तेचो राग तिच्यार निघालो आसात तर?" माझा देव वेगळा, त्याच्या रागाचा हिशेब मला तरी कुठे ठाऊक? "तसं नसतं हो काका," एवढंच मी म्हणाले, आणि ते म्हणताना मलाच ते पोकळ वाटलं.

त्यानंतरच्या एका दुपारी मी काकीसाठी पेज घेऊन गेले होते. तिला तक्क्याला टेकवून बसवत होते आणि काका अंगणात हात जोडून उभे होते. "आपल्या चरणी सादर प्रार्थना, की..." काकीने डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला. जीभ जड, एकेक शब्द ओढून आणावा तशी ती म्हणाली, "कोणाशी... बोलतंस?"

काका धावत पडवीत आले. "देवाशी गो."

"माका वाटला... तलाठी इलो."

मला हसावं की रडावं कळेना. काकीच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हलली. "भांड," ती म्हणाली.

"काय म्हणतंस?"

"माज्यासाठी... भांड. तो काय... परको नाय."

काका वळले. बाजूला काढलेल्या चपला पायात सरकवल्या. क्रूसापुढे गेले, कमरेवर हात ठेवले, आणि पहिले शब्द नीट निघेचनात. मग निघाले. "आयकलंस? आयकलंस ती काय म्हणता ता? वरडत होतंय तो मी! तिणा तुका कदी उलटो शब्द बोल्लो नाय, आणि तिचोच हात घेतलंस? माका कित्याक सोडलंस? ती बरी होयसर मी तुका सोडूचंय नाय, सांगून ठेवतंय!" समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली. काका ओरडत राहिले आणि ओरडता ओरडता क्रूसाच्या कठड्याला धरून, खाली बसून, लहान मुलासारखे रडले. काकीने त्यांना अडवलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने तिने ते उघडले आणि वाटीकडे बोट केलं. त्या दिवशी तिने सगळी पेज संपवली.

चमत्कार झाला असं कुणी समजू नये. काकीचा उजवा हात अजून उचलत नाही. चार पायांची काठी घेऊन ती घरातल्या घरात फिरते. काका स्वयंपाक करतात, आणि त्यांची सोलकढी कुठल्याही उपासापेक्षा कठीण आहे. तिची वेणीही तेच घालतात. ती रोज वाकडी होते, आणि काकी ती रोज कौतुकाने मिरवते. मध्यंतरी मी विचारलं, "काका, एवढं भांडलात, तरी काकी पुरती बरी झाली नाही. राग येत नाही?"

"येता तर! रोज येता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण तेका सोडून जातलंय खंय?"

मी घरी आले, देवघरासमोर उभी राहिले. माझ्या देवाला मी आयुष्यभर फुलं वाहिली, पण आवाज चढवून कधी काही मागितलं नाही. बोलायला गेले, तर पाठ केलेलं स्तोत्रच ओठांवर आलं.

गेल्या रविवारी मी फाटकात उभी होते. मिस्साहून ती दोघं पायीच परतत होती. काकी काठी टेकत, आणि काका तिच्याही मागे राहतील इतके सावकाश. उन्हं माडांच्या शेंड्यांवर चढली होती. काकांचे ओठ हलत होते. ते काकीशी बोलत होते की वरच्याशी, ते मला कळलं नाही. मी थोडी पुढे झाले, कान दिला. ऐकू आलं नाही. काकी मात्र मान डोलवत होती.