वत्सलाबाईंचा झेंडू

"डामा करा न मंग! मी चालली," असं म्हणत वत्सलाबाईंनी पट्टी बांधलेला पाय खाटेखाली सोडला.

डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न ऐकता, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी जाणं. शुगरमुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. सर्जन मला म्हणाले, "ही आता घरी गेली तर पाय जाईल. तुम्ही बघा."

मी अकोल्याच्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. डॉक्टरांनी 'तुम्ही बघा' म्हटलं, की आमचं काम सुरू होतं. सोबत सायली होती. अमरावतीची, एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कला आलेली. या लाइनमध्ये यावं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

मी स्टूल ओढून बसलो. "मावशी, घरी कोणतं काम अडलं?"

"दसरा आला. पातूरले झेंडू उभा हाय वावरात. मी एकली बाई. तोडनार कोन, तुमी?"

"जवळचं कोणी नाही?"

"दीर हाय. वावराच्या धुऱ्यावरून, हद्दीवरून भांडन झालं, तवापासून बोलनं बंद. त्याले सांगाचं नाई बरं!"

मी मान हलवली. बाहेर आलो, गावातल्या आशा सेविकेकडून नंबर घेतला आणि दिराला फोन लावला.

"सर, तुम्ही तर हो म्हणालात," सायली म्हणाली.

"पाय वाचवायचाय."

दीर ताडकन म्हणाला, "मले काहून सांगून राहिले? तिनं सांगतलं काय?"

"नाही."

"ते सांगनारच नाई. तोडतो मी."

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात येऊन उभा राहिला. "वयनी, माल बाजारात गेला. आता गुमान निजून राय."

वत्सलाबाईंनी पाय वर घेतला. मग माझ्याकडे वळल्या. "तुमाले नाई म्हनलं होतं न मी?"

"हो मावशी. चुकलं माझं."

"मंग आता माह्यासंग बोलू नका."

सुट्टी होईपर्यंत त्या फक्त सायलीशी बोलल्या. पाय वाचला.

तरीही ती हलवलेली मान मला टोचते. पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं आम्ही पोटात ठेवायचं असतं. जिवावर बेतलं तर तो नियम मोडावा लागतो, पण त्यांच्या तोंडावर सांगून. 'मावशी, मी फोन करणार आहे, रागवायचं तर रागवा,' एवढंच म्हणायचं होतं. मी ते वाक्य टाळलं, कारण मला त्यांचा राग नको होता.

फील्डवर्क संपलं तेव्हा सायलीला म्हणालो, "लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं एवढ्यासाठी येणार असशील, तर येऊ नकोस."

"येणार आहे, सर. पण फोन लावायच्या आधी मी पेशंटला सांगीन."

"मग ये," मी म्हणालो.