आरशातल्या घागरी

लातूर नवा जिल्हा झाला आणि बदली होऊन आलेल्या वडिलांना कशीबशी एकच खोली मिळाली. त्यात दुष्काळ, म्हणून निम्मी खोली पाण्याच्या घागरींनीच अडवलेली. घर मोठं दिसावं म्हणून वडिलांनी सलूनमधला जुना भलामोठा आरसा आणून घागरींमागं भिंतीला टेकवला. खोली दुप्पट झाली! आम्ही भावंडं तिच्यात गिरक्या घेऊ लागलो. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात येऊन कडाडल्या, "आमी टँकरची वाट बघायलोत, अन् तुमच्याकडं वीस घागरी? लई झालं!"

घागरी दहाच होत्या. आईला हसू आवरेना, तर सांगणार कसं? शेवटी तिनं एक घागर उचलून काकूंच्या कडेवर दिली.

काकूंना एकच मिळाली. आमच्या मात्र दोन गेल्या!